ट्रायल शनिवारी चार वाजता

२ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे. चौदा खोकी, दोन गाद्या, शिलाई मशीन, टेबलफॅन आणि मुंगी. मुंगी ही माझी मुलगी, या महिन्याच्या तीस तारखेला तिला दहा पूर्ण होतील. स्वतःएवढं खोकं तिने तीन जिने ओढत आणलं आणि वर पोचल्यावर मलाच म्हणाली की आई, तू फार हळू चढतेस. नाव उगाच नाही पडलं.

घर चांगलं आहे. भिंतींना ओल नाही, मुंगीची शाळा दहा मिनिटांवर, माझा कारखाना बसने अर्ध्या तासावर. तिथे मी तयार कपडे तपासते. टाका सुटलाय का, बटण वाकडं आहे का. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझी सासू हे काम फुकट करायची.

पण मी हे घर घेतलं ते न्हाणीघराशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीसाठी. सात फूट बाय साडेसहा. आधीच्या लोकांनी तिथे रद्दी आणि मोडकी सायकल ठेवली होती. घर दाखवणारा माणूस ते दार उघडायलाच लाजत होता. मी त्या दारातच उभी राहून घर पक्कं केलं.

त्याचं असं की, बारा वर्षं आम्ही शिलाईच्या दुकानामागच्या एका खोलीत काढली. जिकडे बघावं तिकडे लोकांचे कपडे. आमचे मात्र कापायच्या टेबलाखालच्या ट्रंकेत, चुरगळलेले. मास्तर म्हणायचे, एक दिवस फक्त आपल्या कपड्यांची खोली करू, आत चालत जाता येईल अशी. मास्तर म्हणजे माझा नवरा. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मग मीही तेच म्हणायला लागले.

मास्तर फेब्रुवारीत गेले. टेबलापाशी उभ्याउभ्या, गळ्यात टेप. त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाची पँट द्यायची होती, ती मी पूर्ण करून दिली. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल हळूहळू. नऊ महिने झाले, अजून वाटेतच आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज चार ओळी लिहीत जा. म्हणून हे. वही दुकानातलीच आहे, कोरी मापवही. प्रत्येक पानावर रकाने छापलेत, उंची, छाती, शोल्डर, बाही, तारीख. माझी वाक्यं काही त्यात मावत नाहीत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तरांनी काढलेला नकाशा सापडला. शर्टांचे नमुने ज्यावर कापायचो त्या खाकी कागदावर, निळ्या पेन्सिलीने. डावी बाजू माझी, उजवी त्यांची. समोर पुरुषभर उंचीचा आरसा आणि त्याच्या बाजूला मुंगीची खालची दांडी, खुर्ची न घेता हात पोचेल अशी. टांगायच्या कपड्यांना बावीस इंच खोली, घड्यांना चौदा. मोजे-रुमालांना कप्पे. दार उघडलं की आपोआप लागणारा आणि मिटलं की विझणारा दिवा. त्या दिव्याचं त्यांना भारी कौतुक होतं. फ्रिजमध्ये असतो, मग माणसाला का नको, म्हणायचे.

मी काहीही बदललं नाही. उजवी बाजू त्यांचीच ठेवली. त्यांचे अकरा शर्ट आहेत, सगळे त्यांनी स्वतःच शिवलेले. नणंदेने फोनवर सांगितलं की शर्ट देऊन टाक कुणाला तरी, किती दिवस ठेवशील. मी बघू म्हटलं. माझं बघू म्हणजे नाही, हे तिला आता कळतं.

मास्तर डावखुरे होते. त्यांचा हातचा टाका इतरांपेक्षा उलटा तिरपा पडायचा. हजार शर्टांतून मी त्यांचा ओळखीन. माणूस मोठा चोख. सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, ही म्हण ते स्वतःच गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि मग तारखेच्या आदल्या दिवशी बरोबर चार वाजता ट्रायलला बोलवायचे. ट्रायलशिवाय कपडा दुकानाबाहेर गेला नाही. दुसरा नियम चिठ्ठीचा. कपड्याला जी चिठ्ठी टाचलेली असेल, त्या मापाचा कपडा करायचा, विचारायचं नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा विसरतील, चिठ्ठी नाही. तिसरा, एकदा कात्री लागली की ऑर्डर परत नाही. ट्रायलला माझं काम एकच, शेजारी उभं राहून टाचण्या ओठांत धरायच्या आणि ते हात पुढे करतील तेव्हा एकेक द्यायची. बारा वर्षं तोंडात टाचण्या होत्या म्हणून आमचं भांडण झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुतार आला. बोलायला गोड. खोलीत मधोमध उभा राहिला, दोन्ही हात पसरून बघितले आणि म्हणाला की ताई, ही आत चालत जायची खोली खरी, पण वळायचं मात्र बाहेर येऊन. नकाशा बघितल्यावर जरा गंभीर झाला. ज्याने काढलाय त्याला मापं कळतात, म्हणाला.

मुंगीच्या दांडीसाठी त्याला तिची उंची हवी होती. मी तिला भिंतीला उभी केली आणि टेप लावला. उंची घेऊन थांबायचं होतं, पण हाताला वळण पडलेलं. उंची ५२, छाती २६, शोल्डर साडेअकरा, बाही १७. दुकानाच्या चिठ्ठीवर सगळं लिहिलं, खाली तारीख टाकली ३०, तिच्या वाढदिवसापर्यंत खोली व्हावी म्हणून. सुताराने चिठ्ठी वाचली आणि विचारलं की ताई, कपाट करायचंय का फ्रॉक?

मुंगी तेव्हापासून त्याची नक्कल करत हिंडतेय. घरात खूप दिवसांनी कुणीतरी हसतंय. मी ऐकते. मला आवडतंय असं मला वाटतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

खोली तयार झाली. सुतार आणि वेळेआधी! आता सूर्य पश्चिमेला उगवला तरी मी वर बघायची नाही.

फारच सुंदर झाली आहे. लाकडाचा वास, गुळगुळीत कडा, कप्पे बोटाने सरकतात. दार उघडलं की दिवा लागतो. मुंगीने वीस वेळा उघडमीट केली. दुपारभर आम्ही कपडे लावले. मास्तरांच्या खोक्याला मी नऊ महिन्यांत हात लावला नव्हता. आज उघडलं, अकरा शर्ट काढले, इस्त्री केली, टांगले. निळ्या चौकड्यांचा पहिला, पांढरा सगळ्यात शेवटी. हात चालत होते. आत काही झालं नाही. मला मेल्यासारखं होतं असंही नाही, नुसतं काही होत नाही.

सुताराने मुंगीच्या मापाची चिठ्ठी परत दिली होती. वाढदिवसाच्या फ्रॉकला लागेल, हरवायला नको, म्हणून समोर होता त्या चौकड्यांच्या शर्टाला टाचून ठेवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कपड्यांच्या खोलीत फरशीवर दोऱ्याचे तुकडे. निळे, बोटाएवढे. झाडून काढले. मी तिथे शिवलं नव्हतं. मुंगीने बाहुलीचे कपडे काढले असतील.

दुपारी ती अडीचला घरी येते, मी साडेपाचला. गळ्यात नाडीला किल्ली असते. शेजार चांगला आहे. तरी तीन तास एकटं राहायचं म्हणजे लहान वय आहे तिचं. पण विचारलं तर म्हणते की मी एकटी नसते. म्हटलं, मग कोण असतं? तर खांदे उडवले आणि पाढे म्हणायला लागली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मुंगीने दुधाचा पेला उचलला. मी नुकतंच ओतलेलं, वाफा येत होत्या. दोन्ही हातांनी धरून ती दूध निवायची वाट बघत बसली. मी पेला हिसकावून घेतला तेव्हा माझ्या बोटांना चटका बसला. तिचे तळवे लाल झाले होते. दुखतं का विचारलं तर म्हणाली की नाही, हात झोपलेत.

औषध लावलं. शाळेत पाठवली. बसमध्ये मला घाबरायला हवं होतं. खिडकीतून मी दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चौकड्यांच्या शर्टाच्या बाह्या आखूड आहेत.

आधी वाटलं, धुण्यात आटला. मग उलटा केला. कफ उसवून, बाही कापून, पुन्हा कफ लावलेला. हातशिलाई आहे, बारीक, सारखी. टाका उलटा तिरपा पडला आहे.

टेप लावला. मास्तरांची बाही चोवीस. ही सतरा.

पुढच्या तीन शर्टांच्या बाह्याही सतरा. खाली कप्प्यात कापलेल्या पट्ट्या घडी घालून ठेवलेल्या. मास्तर असंच करायचे, चिंधी वाया जाऊ द्यायचे नाहीत.

पाऊण तास मी त्या पट्ट्या हातात घेऊन बसले असेन. काम चोख झालंय, एवढंच डोक्यात येत होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा घेतली. मुंगीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत सुई टोचून बघितली. मुंगी छताकडे बघत होती. नस दबली असेल, जीवनसत्त्व कमी असेल, म्हणाले, आणि तपासण्या लिहून दिल्या.

घरी आल्यावर मुंगीने आपणहून सांगितलं. बाबा दुपारी माप बघतात. तिला आरशासमोर उभं करतात आणि हात जरा लांब धरायला सांगतात. ते दिसत नाहीत, पण खडूचा वास येतो. आधी बाह्या झाल्या, आता खांदे. शेवटी छाती. उद्या नाही, पुढच्या शनिवारी चार वाजता ट्रायल आहे, मग झालं. टाचण्यांची डबी त्यांनी मधल्या फळीवर काढून ठेवली आहे, पण अजून टाचत नाहीत, कुणाची तरी वाट बघतायत.

अगदी सहज सांगितलं, शाळेत काय झालं ते सांगावं तसं. मधल्या फळीवर डबी होती. ती मी खोक्यातून काढलेली नव्हती.

मग ती चिठ्ठी बघितली. छाती २६. शोल्डर साडेअकरा. बाही १७. तारीख ३०. माझंच अक्षर. मीच टाचली. शर्टाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चिठ्ठी काढली. फाडली. गॅसवर जाळली.

दुपारी सात शर्टांचे खांदे साडेअकरा झाले. चिठ्ठीची त्यांना आता गरज नाही. मापवहीत तर आहेच. मी या वहीचं मागचं पान उलटून बघितलं. सात तारखेला मी जिथे मापं लिहिली, तिथे समासात निळ्या पेन्सिलीची बारीक खूण आहे. कापायला घेतलं की मास्तर अशीच करायचे.

मुंगीच्या खांद्यावर मी हात ठेवला. तिला कळलं नाही. मान वळवून बघितल्यावर कळलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुंगीला घेऊन नणंदेकडे आले. चालत वीस मिनिटं. तिला सगळं सांगितलं. तिने मला आधी पाणी दिलं. मग हळूच म्हणाली की वहिनी, हे तूच करत असशील, झोपेत. दुःख असं कुठून कुठून बाहेर पडतं.

मलाही ते बरं वाटलं असतं. तिच्याकडून सुई मागून घेतली आणि डाव्या हाताने टाका घालून दाखवला. लहान मुलानं काढलेल्या रेघेसारखा गेला. बोटात सुई घुसली. मला लागलं नाही, पण रक्त आलं. नणंदेने सुई माझ्या हातातून काढून घेतली. मास्तर तिचा भाऊ. तो टाका तीही ओळखते.

रात्र तिथेच काढली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पळून उपयोग नाही. मुंगी आत्याच्या घरी होती, शर्ट इथे होते. आज दुपारी मी येऊन बघितलं तर दहाव्या शर्टाचेही खांदे झालेले. आणि तिकडे आत्याने दप्तर तिच्या खांद्यावर अडकवलं ते खाली पडलं, मुंगी तशीच चालत राहिली.

मग मी चौकड्यांचा शर्ट घेतला आणि उसवायला बसले. उसवता येतं, मला वाटलं. कापलेलं नाही, पण शिवलेलं तर उसवता येतं. डाव्या बाहीची टीप चार इंच उसवली.

मुंगीच्या डाव्या हातावर मनगटापासून चार इंच रेघ. सरळ. कडा सुट्या. तिला ठाऊकही नव्हतं. फ्रॉक भिजला म्हणून आत्याने बघितलं आणि मला फोन केला.

मी पुन्हा शिवलं. उसवलं तसंच, एकेक टाका मोजून. तिकडे रेघ मिटली. नणंदेचा पुन्हा फोन आला, ती रडत होती. मी तिला म्हटलं, बरं झालं. दुसरं काही सुचलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मुंगी घरी यायचं म्हणते. बाबांचं काम अडेल म्हणते. आणली. डोळ्यांसमोर असलेली बरी.

खोलीला बाहेरून कुलूप घातलं. दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात, मी बाहेर स्टूल घेऊन बसले. आतून कात्रीचा आवाज. लांब कापताना होतो तसा, न थांबता. मास्तर कात्री मिटू द्यायचे नाहीत.

दाराशी तोंड नेऊन मी सांगितलं, अहो, ती चिठ्ठी चुकून टाचली. ऑर्डर नाही ती. आपली मुंगी आहे.

कात्री क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

मास्तर वाईट माणूस नव्हते. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. ते फक्त चिठ्ठी वाचतात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दहा शर्टांच्या छात्या सव्वीस.

मुंगी कमी बोलते. उभी राहते ती हात अंगापासून जरा लांब धरून. हाक मारली की पाच-सहा मोजावे लागतात, मग बघते. छातीला कान लावला. आहे. हळू आहे.

पांढरा शर्ट अजून शिल्लक. शिवण उसवून तुकडे सुटे केलेत, कात्री लावलेली नाही. शेवटचा तोच. ट्रायलचा.

कात्री लागलेली नाही म्हणजे ऑर्डर बदलता येते. नियमच आहे. मास्तरांचा नियम.

माझं माप मी स्वतःच घेतलं. छाती ३६. शोल्डर १५. बाही २१. नवी चिठ्ठी. तारीख ३०. पांढऱ्या तुकड्यांना टाचली.

माझ्यातून घ्यायला फार काही नाही. आधीच झालेलं आहे सगळं. हात, खांदे, छाती. त्यांना सोपं जाईल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

माझी चिठ्ठी पांढऱ्या शर्टावर नाही. मधल्या फळीवर आहे, टाचण्यांच्या डबीखाली नीट ठेवलेली.

वाचली म्हणजे. घेतली.

बसमध्ये जागा मिळाली. शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का? मी हसत होते, असं ती म्हणाली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मुंगीला आत्याकडे सोडलं. नणंदेला बजावलं, उद्या संध्याकाळपर्यंत दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. तिने मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं.

निघताना मुंगीने विचारलं की उद्या चार वाजता ना? मी म्हटलं, तुझी नाही, माझी आहे. तिने मान हलवली. नाही अशी.

गळ्यातली किल्ली काढून घ्यायची राहिली— रस्त्यात आठवलं. मागे फिरणार होते. नको म्हटलं. पुन्हा बघितलं असतं तिला तर—

वाढदिवसाचा फ्रॉक कापायचा राहिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पावणेचार. आत आहे. दार मी ओढून घेतलं. दिवा विझला. टॉर्च आणली आहे, पेन्सिल, वही.

पांढरा शर्ट सकाळी तुकड्यांत होता. आताही आहे. खडूच्या रेघा आहेत, टॉर्चच्या उजेडात मापं लागत नाहीत.

किती छान केली खोली. लाकडाचा वास अजून जात नाही.

पाच मिनिटं.

नणंदेचा फोन. मुंगी न्हाणीघरात आहे, आतून कडी लावली, दहा मिनिटं झाली, उघडत नाही. न्हाणीघराला खिडकी आहे. तळमजला.

बाहेर जायला हवं. दार—

दार उघडत नाही.

चार.

खडूचा वास.

टेपचं पितळी टोक मानेला लागलं. गार. ओळखीचं.

शर्ट अंगावर आला. शिवलेला. हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडकला. पुढे बाही नाही. सतरा.

माझं माप नाही हे. अहो, माझं माप नाही—

ओठांना काहीतरी लागलं. बारीक. एक. दुसरी. तिसरी. ओठ आपोआप मिटले. सवय.

टाचण्या.

वाट बघत होते ते माझीच. गिऱ्हाईक म्हणून नाही. चिठ्ठी डबीखाली— मला कळायला हवं होतं— मी कधी गिऱ्हाईक नव्हते—

दुखतंय. ओठ दुखतायत. नऊ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखतंय. रडू येतंय, आत्ता, आत्ता कशाला—

बाहेरच्या दाराला किल्ली.

चपला काढल्या. बाबा अशी हाक.

तोंड उघडत नाही. दारावर मारतेय, आवाज होत नाही, मुठीखाली सगळीकडे कपडे—

पान फाडलं. मोठ्या अक्षरात. आत येऊ नको पळ. दाराखालून सरकवलं.

पावलं आली. थांबली.

वाच. मुंगी, खाली बघ. बाळा, खाली—

पानावर पाऊल ठेवलं तिने.

दाराची मूठ फिरतेय. त्यांनी माझ्यापुढे हात केला आहे, पहिली टाचणी मागतायत, मी देणार नाही, मी दे

दिवा ला